न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे थिएटरचा अख्ख्या सीझनचा पास घ्यावा, की गाजलेल्या नाटकाचंच तिकीट काढावं?

तुम्ही लिहिलंय की जर्सी सिटीत नुकतेच राहायला आलात, पुण्यात असताना महिन्याला एक नाटक ठरलेलं असायचं, आणि आता बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या प्लेराइट्स होरायझन्स या थिएटरच्या सहा नाटकांच्या पासवर नजर आहे. पण यादीतला एकही लेखक ओळखीचा नाही, म्हणून हात आखडतोय. माझं मत विचाराल तर घ्या. निदान एक वर्ष घेऊन बघा.

आधी एक घोळ निस्तरतो. ऑफ-ब्रॉडवे म्हणजे दुय्यम दर्जाचं असं काही नाही, आणि त्याचा ब्रॉडवे नावाच्या रस्त्याशीही संबंध नाही. हिशोब खुर्च्यांचा आहे. 500 किंवा जास्त खुर्च्या असतील तर ब्रॉडवे, 100 ते 499 असतील तर ऑफ-ब्रॉडवे, त्याहून कमी असतील तर ऑफ-ऑफ. लिंकन सेंटरला एकाच इमारतीत वरचं व्हिव्हियन बोमाँट थिएटर ब्रॉडवेत मोडतं आणि खालचं मिट्झी न्यूहाउस ऑफ-ब्रॉडवेत. म्हणून हे आपल्या प्रायोगिकसारखंच असेल असं समजून जाऊ नका. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये लोक नोकरी सांभाळून, पदरमोड करून नाटक करायचे. इथे नट युनियनचे असतात आणि पगार घेतात. पगार ब्रॉडवेच्या मानाने तुटपुंजा, ते सोडा.

आता सीझनचं म्हणाल, तर याच थिएटरचा 2012-13 चा सीझन घेऊ. सप्टेंबरमध्ये लिसा डॅमूरचं 'डेट्रॉइट' लागलं: उपनगरातली दोन शेजारी जोडपी, अंगणातलं बार्बेक्यू आणि मंदीत हळूहळू उसवत गेलेले संसार. त्यात डेव्हिड श्विमर होता, म्हणजे 'फ्रेंड्स'मधला रॉस. त्या वर्षी सहज विकलं जाईल असं मोठं नाव म्हणजे हे. मग सॅम्युएल डी. हंटरचं 'द व्हेल'. आयडाहोतला एक प्रचंड लठ्ठ शिक्षक सोफ्यावरून जेमतेम उठू शकतो, ऑनलाइन निबंधलेखन शिकवतो आणि दुरावलेल्या मुलीशी जुळवून घ्यायची धडपड करतो. दहा वर्षांनी त्याचा सिनेमा आला आणि ब्रेंडन फ्रेझरला ऑस्कर मिळालं. 2012 च्या नोव्हेंबरात मात्र हंटर हे नाव नाटकवेड्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर एमी हर्झोगचं एक आणि टान्या बारफील्डचं दत्तक मुलाच्या विषयावरचं एक, अशी दोन नाटकं झाली. शेवटी एका सिनेमावरून केलेलं म्युझिकल होतं. ते मला बेतास बात वाटलं.

पण तो सीझन लक्षात राहिला तो मार्चमधल्या ॲनी बेकरच्या 'द फ्लिक'मुळे. मॅसॅच्युसेट्समधलं एकपडदा, मोडकळीला आलेलं सिनेमा थिएटर. पडदा जिथे असायचा तिथे आपण प्रेक्षक बसलेले, आणि रंगमंचावर आपल्याकडे तोंड करून रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, वर प्रोजेक्टरची खिडकी. खेळ सुटला की दोघं जण झाडू आणि सुपली घेऊन आत येतात आणि सांडलेले पॉपकॉर्न गोळा करतात. एक रांग झाली की दुसरी. बोलायला काही नसलं की बोलत नाहीत, नुसता झाडूचा आवाज येत राहतो. मधेच गप्पा निघतात, त्यातल्या एकाला कुठल्याही दोन नटांना चार-पाच सिनेमांतून एकमेकांशी जोडता येतं, त्याचा खेळ रंगतो. तिकिटांचे अर्धुकले तुकडे परत विकून थोडेफार पैसे खिशात घालायची तिथल्या नोकरांची जुनी पद्धत आहे. त्याला ते 'डिनर मनी' म्हणतात आणि नव्या पोराला त्यात ओढतात. पस्तीस एमएमचा प्रोजेक्टर जाऊन डिजिटल येणार, ही टांगती तलवार. नाटकात घडतं ते जवळपास एवढंच, आणि त्याला तीन तासांहून जास्त वेळ लागतो.

तीन तासांचं आपल्याला नवल नाही, पण ते संवादांनी भरलेले लागतात. इथल्या पास घेतलेल्या सभासदांचंही तसंच झालं. मध्यंतरात लोक उठून गेले, सभासदत्व रद्द करायच्या धमक्या आल्या. माझ्या शेजारचे आजी-आजोबा कोट चढवताना मला म्हणाले, झाडू मारलेला बघायचा तर घरी बघू. (दुसऱ्या अंकात ते नसल्याने मला पाय पसरायला जागा मिळाली, हेही खरं.) थिएटरचे तेव्हाचे कलात्मक संचालक टिम सॅनफर्ड यांनी सभासदांना पत्र लिहिलं. लोक उठून जातायत हे त्यांनी मान्य केलं, पण नाटकाच्या पाठीशी आपण का उभे आहोत तेही समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी, 2014 मध्ये, 'द फ्लिक'ला नाटकाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पुलित्झरमुळे ते चांगलं ठरलं असं मी म्हणत नाही. ज्यांना कंटाळा आला त्यांना तो आलाच होता. माझा मुद्दा असा की 'गाजेल त्याचंच तिकीट काढू' असं ठरवलं असतं तर मार्च 2013 मध्ये तुम्ही तिथे नसताच. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तुमच्या कानावर 'जाऊ नका' हेच आलं असतं.

पासाचे पैसे सीझन सुरू व्हायच्या आधी थिएटरच्या हातात पडतात, समीक्षा छापून यायच्या कितीतरी आधी. ही नफ्यावर चालणारी दुकानं नाहीत, देणग्या आणि वर्गणीवर चालतात. आधी जमा झालेल्या त्या पैशामुळेच एखाद्या नवख्या लेखकाचं, मोठ्या नटाच्या नावाशिवाय विकलं न जाणारं नाटक घ्यायची त्यांची छाती होते. बदल्यात तुम्हाला कमी दरात खुर्ची मिळते, आणि सहातली एक-दोन नाटकं फसणार हे धरून चालायचं. सहाही आवडायला हवी असतील तर हा पास तुमच्यासाठी नाही, सवलतीत तिकिटं विकणाऱ्या टीकेटीएसच्या खिडकीवर रांगेत उभं राहून सुटं तिकीट काढा.

गाजायची वाट बघण्यात खिशालाही चाट बसते. 2023 च्या शरद ऋतूत याच 198 खुर्च्यांच्या सभागृहात डेव्हिड अजमीचं 'स्टिरिओफोनिक' झालं. सत्तरच्या दशकातला एक रॉक बँड, कॅलिफोर्नियातला रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि त्यातली भांडणं. काचेपलीकडे गाणं सुरू असतं आणि अलीकडे ऑपरेटर सँडविच खात ऐकत असतो, ते तुम्ही काही फुटांवरून बघता. 2024 मध्ये ते ब्रॉडवेला गेलं, सर्वोत्कृष्ट नाटकाचं टोनी घेऊन बसलं, आणि तिकिटाचे भाव कुठल्या कुठे गेले. सभासदांनी ते आधीच पाहून ठेवलं होतं. नेपथ्य 'द फ्लिक'चंच करणाऱ्या डेव्हिड झिनचं होतं. असे धागे लागोपाठ काही वर्षं बघितल्याशिवाय हाताला लागत नाहीत, आणि मला तरी पासाचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो.

म्हणून नाटकांची नावं बघून पास ठरवू नका, निवडणारा बघा. थिएटरची मागच्या चार-पाच वर्षांची यादी काढा. जिवंत लेखकांची नवी नाटकं किती, पहिल्यांदा रंगमंचावर आलेली किती, आणि त्यातली नंतर दुसऱ्यांनी उचलली किती, हे पाहिलंत तरी अंदाज येतो. बेचाळिसाव्याच रस्त्यावरचं सिग्नेचर, चेल्सीतलं अटलांटिक आणि ईस्ट व्हिलेजमधलं न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप ही तिन्ही तपासून बघण्याजोगी आहेत. आपलं काही या वर्तुळात आलंय का, असंही विचारलंत. आलंय. 2004 मध्ये 'प्ले कंपनी' नावाच्या न्यूयॉर्कच्या नाट्यसंस्थेने तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' इंग्रजीत 59ई59 या छोट्या थिएटरात केला होता. तसं वरचेवर होत नाही, त्या आशेवर पास घेऊ नका.

भाषेची धास्ती असेल, तर ती पहिली दहा मिनिटं असतेच. अमेरिकन पात्रं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, टोमणे निसटतात. एकोणचाळिसाव्या रस्त्यावरच्या ड्रामा बुक शॉपमध्ये छापील संहिता मिळतात, पण अगदी नव्या नाटकाची बहुधा अजून छापलेली नसते. त्याला इलाज नाही, पुढच्या रांगेत बसा. काही हुकलंच, तर लिंकन सेंटरच्या परफॉर्मिंग आर्ट्स ग्रंथालयात 1970 पासूनच्या कितीतरी प्रयोगांचं चित्रीकरण ठेवलेलं आहे. अभ्यासासाठी हवं असेल तर आधी वेळ ठरवून तिथे बसून फुकट बघता येतं, घरी मात्र देत नाहीत.

तारखा निवडताना प्रीव्ह्यूच्या, म्हणजे औपचारिक शुभारंभाआधीच्या प्रयोगांच्या, दुसऱ्या आठवड्यातल्या घ्या. तोवर नटांच्या तोंडात संहिता बसलेली असते, पण लेखक अजून मागच्या रांगेत वही घेऊन बसलेला असतो आणि संवाद कापले जात असतात. पोर्ट अथॉरिटी बस स्थानकाला उतरलात की पश्चिमेला नववा ॲव्हेन्यू ओलांडायचा, थिएटर तिथून दोन मिनिटांवर. आणि नाटक तीन तासांचं असेल तर परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा, रविवारी रात्री गाड्या कमी असतात.