कठीण, चिवट आणि 'पाणी दिलेलं' पोलाद

भोसरीच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये काम करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: "पाणबुडीच्या कवचावरच्या लेखात 'कठीण आणि चिवट पोलाद' असं वाचलं. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे, मग एक गाळायला नको का?"

गाळू नका. हे दोन गुण बहुतेक वेळा एकमेकांच्या मुळावर येतात. काच कठीण, पण पडली की फुटली. चामड्याची वादी चिवट, कितीही पिळा, तुटत नाही. कठीणच्या उलट मऊ, चिवटच्या उलट ठिसूळ. त्या लेखात 'कठीण'ऐवजी मी 'बळकट' लिहिलं असतं, कारण तिथे हिशेब ताकदीचा आहे: साधं बांधकामाचं पोलाद सुमारे २५० मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक) ताणाला कायमचं लांबू लागतं, अमेरिकी पाणबुड्यांचं एचवाय-८० सुमारे ५५०पर्यंत टिकतं.

चिवटपणा का हवा, हे तुमच्याच शेडमधल्या छिन्नीवरून कळेल. लाल टोक पाण्यात बुडवून 'पाणी दिलं' की छिन्नी कठीण होते. तेवढ्यावर सोडली तर पहिल्याच घावाला टवका उडतो, म्हणून ती पुन्हा बेताने तापवतात. एचवाय-८०च्या जाड प्लेटलाही हेच दोन संस्कार करतात.

मग त्या प्लेटवर वेल्डिंग येतं. टाक्याच्या कडेची अरुंद पट्टी लालभडक होते आणि भोवतालची थंड, जाड प्लेट तिची उष्णता झपाट्याने ओढून घेते. म्हणजे त्या पट्टीला न मागता पाणी दिलं जातं! ती कठीण आणि ठिसूळ होते. ओलसर इलेक्ट्रोडमधून, म्हणजे वेल्डिंगच्या कांडीतून, हायड्रोजन शिरला, तर तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतो. इलेक्ट्रोड सुकवायचे आणि प्लेट आधी तापवायची, ती यासाठी. पुढे कार्बन खूप कमी ठेवून तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांनी ताकद आणणारी एचएसएलए-८०सारखी पोलादं आली. त्यांना आधी तापवावं लागतं ते फारच कमी.

अशा पोलादाला 'वेल्डेबल' म्हणतात. त्यासाठी 'जोडणीक्षम' घडवण्याची गरज मला वाटत नाही. बिडाबद्दल, म्हणजे ओतीव लोखंडाबद्दल, तुम्ही लोक म्हणताच, 'हे वेल्डिंग धरत नाही.' तेच क्रियापद घ्या: वेल्डिंग धरणारं पोलाद. कापड रंग धरतं, रोप मूळ धरतं, तसंच.