जनुक शाबूत आहे, मग ते गप्प का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझी थोरली बहीण ७१ वर्षांची आहे. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ निघाली, ती शस्त्रक्रिया करून काढली. गाठीच्या तपासणीत आधी 'एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रथिनं दिसत नाहीत' असं आलं. इंटरनेटवर शोधून भाचा घाबरला, कारण तिथे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराबद्दल लिहिलं होतं. मग आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, 'एमएलएच१च्या प्रमोटरवर मिथाइलेशन आहे, शिवाय बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल आहे, म्हणजे हे आनुवंशिक नसावं.' हायसं वाटलं, पण कळलं काहीच नाही. जनुक बिघडलेलं नाही, तर प्रथिन गेलं कुठे? दोन प्रथिनं नाहीत म्हणजे दोन जनुकं गेली का? गप्प झालेलं जनुक औषधाने पुन्हा बोलतं का? कुणीतरी सांगितलं म्हणून ताई फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ लागली आहे. आणि ती रोज एकच विचारते, 'माझं काय चुकलं?' – एक वाचक

उत्तर: तुमच्या ताईंच्या गाठीत एमएलएच१ जनुक बहुधा जसंच्या तसं आहे, तिसऱ्या गुणसूत्रावर, आपल्या जागी. अक्षरं तीच आहेत, फक्त ती वाचली जात नाहीत. माझी प्रयोगशाळेतली बावीस वर्षं याच एका गोष्टीमागे गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

मराठीत अक्षराचा पाय मोडतो तेव्हा काय होतं? 'क' तोच राहतो, खाली एक तिरकी रेघ येते आणि त्यातला स्वर गळतो. कुणी अक्षर खोडलेलं नसतं. डीएनएमध्ये सायटोसिन या अक्षरावर अशीच एक बारीक खूण बसते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, म्हणजे मिथाइल गट. ही खूण बसण्यालाच मिथाइलेशन म्हणतात. ज्या सायटोसिनच्या (सी) लगेच पुढे ग्वानिन (जी) हे अक्षर असतं, बहुतेक करून त्याच्यावरच ती बसते. अशा जोड्यांना सीपीजी म्हणतात. माणसाच्या डीएनएत त्या २ कोटी ८० लाखांच्या आसपास आहेत आणि निरोगी पेशीतही त्यांतल्या ७० ते ८० टक्के जोड्यांवर ही खूण असते. म्हणजे खूण असणं हा आजार नव्हे. डीएनएतले जुने, पुन्हापुन्हा येणारे तुकडे गप्प ठेवायला शरीर तिचा रोज वापर करतं.

पण निम्म्याहून अधिक जनुकांच्या सुरुवातीला, जिथून जनुक वाचायला सुरुवात होते त्या प्रमोटरपाशी, सीपीजींची दाटी असते आणि ही दाटी निरोगी पेशीत सहसा कोरी राहते. ताईंच्या गाठीत एमएलएच१पाशी नेमकी तीच भरून गेली आहे. एकदोन खुणांनी फारसं बिघडत नाही. दाटीभर खुणा झाल्या की त्यांना ओळखून चिकटणारी प्रथिनं येतात, ती आणखी एन्झाइम्स बोलावतात, डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळला जातो आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे उतरताच येत नाही. जिच्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, तयार होत नाही, म्हणून प्रथिनही नाही. पीएमएस२चं म्हणाल तर त्याचं जनुक बहुधा ठीक आणि चालूही आहे. पण हे प्रथिन एमएलएच१शी जोडी करूनच टिकतं. जोडीदार नसला की पेशी त्याची विल्हेवाट लावते. म्हणून अहवालात दोन नावं, पण मूळ घटना एकच.

पेशी दुभंगताना या खुणा पुसल्या का जात नाहीत, हा प्रश्न मला विद्यार्थिनी असताना फार छळायचा. उत्तर सीपीजीच्या रचनेतच आहे. एका धाग्यावर सीजी असेल तर समोरच्या धाग्यावरही उलट बाजूने वाचलं की सीजीच येतं, त्यामुळे खूण दोन्ही धाग्यांवर असते. डीएनएची नक्कल होते तेव्हा जुना धागा खुणेसकट येतो, नवा कोरा असतो. डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम असे अर्धवट खुणेचे सीपीजी शोधतं आणि नव्या धाग्यावरही खूण उमटवतं. एका पेशीत जनुक गप्प झालं की तिच्या वंशातल्या पेशींमध्येही ते गप्पच राहतं, ते यामुळे.

आता एमएलएच१ गप्प झाल्यानं काय बिघडलं ते पाहा, कारण या विषयातलं सगळ्यात गंभीर मला हेच वाटतं. या जनुकाचं काम नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणं. एकच अक्षर ओळीनं अनेकदा आलं की नक्कल करणारी यंत्रणा घसरते, एखादं अक्षर कमी किंवा जास्त पडतं. टीजीएफबीआर२ या जनुकात एका ठिकाणी ओळीनं दहा ॲडेनिन आहेत. पेशीला 'वाढ थांबव' हा निरोप पोचवणाऱ्यांपैकी हे जनुक. दहातलं एक ॲडेनिन गळलं की पुढची सगळी वाचनाची घडी विस्कटते आणि तो निरोप पोचत नाही. एमएलएच१ जागं असतं तर ही चूक बहुधा तिथल्या तिथे दुरुस्त झाली असती. पुसता येण्याजोगी खूण अशा प्रकारे कधीही न पुसता येणारे बदल घडवून जाते.

ही खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९९२ साली एक सुंदर युक्ती प्रसिद्ध झाली. डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची क्रिया केली की खूण नसलेलं सायटोसिन बदलतं आणि पुढच्या वाचनात 'टी' (थायमिन हे अक्षर) म्हणून येतं, खूण असलेलं मात्र 'सी'च राहतं. मी पहिल्यांदा ही चाचणी केली ती आतड्याच्या एका गाठीवर. शेजारी त्याच रुग्णाच्या निरोगी आतड्याचा तुकडा होता. निरोगी तुकड्यात एमएलएच१च्या प्रमोटरपाशी टी, टी, टी अशी रांग, आणि गाठीत त्याच जागी सी, सी, सी. माणूस एक, जनुक एक, आणि दोन्ही तुकड्यांत चार सेंटिमीटरचं अंतर. ती फिल्म मी अजून जपून ठेवली आहे.

भाच्याच्या काळजीचं उत्तर त्या चार सेंटिमीटरांत आहे. लिंच सिंड्रोममध्ये एमएलएच१सारख्या दुरुस्ती करणाऱ्या जनुकातच बिघाड असतो, तो जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. ताईंच्या बाबतीत खुणा गाठीतल्या पेशींवर बसल्या, उतारवयात. बीआरएएफमधला व्ही६००ई बदलही याच बाजूने साक्ष देतो, कारण लिंचच्या गाठीत तो जवळजवळ सापडत नाही. वय सत्तरीपुढचं, आतड्याची उजवी बाजू, रुग्ण स्त्री हे चित्रही ओळखीचं आहे. क्वचित एखाद्या माणसात एमएलएच१वरच्या खुणा रक्तासह सगळ्या शरीरात आढळतात. कमी वयात गाठ झालेली असली तर डॉक्टर ती शंका घेऊन रक्तही तपासतात. भाच्याने आणि तुम्हीही एक मात्र करा. सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, तेव्हा आपली कोलोनोस्कोपी कधी करायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. आनुवंशिक नाही म्हणून ती टाळू नका.

मिथाइलेशनची ही गोष्ट एका जनुकापुरती नाही. १९८३ साली फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी आधी उलटंच दाखवलं होतं, की कॅन्सरच्या पेशीत अनेक जनुकांवरच्या खुणा निरोगी पेशींपेक्षा कमी असतात. पुढे १९८९मध्ये डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमध्ये आरबी जनुकावर जास्तीच्या खुणा सापडल्या, १९९०च्या दशकात पी१६ या जनुकावर आणि एमएलएच१वर. दोन्ही खरं आहे. एकूण खुणा घटतात, म्हणून गप्प राहायला हवेत ते तुकडे जागे होतात आणि गुणसूत्रं अस्थिर होतात. कोऱ्या राहायला हव्यात त्या जागांवर मात्र खुणा चढतात. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये तर एमजीएमटी जनुक गप्प असणं रुग्णाच्या पथ्यावर पडतं. ते जनुक टेमोझोलोमाइड या औषधाने केलेली इजा दुरुस्त करतं, ते गप्प असलं की औषध जास्त चालतं.

औषधाचा प्रश्न. गप्प जनुक पुन्हा बोलतं का? बोलतं, मी पाहिलं आहे. १९८०मध्ये जोन्स आणि टेलर यांनी ॲझासायटिडिन दिलेल्या उंदराच्या पेशींत मिथाइलेशन रोखलं गेल्याचं दाखवलं. त्यातल्या काही पेशी चक्क स्नायूच्या पेशी झाल्या होत्या. हे औषध डीएनएत शिरतं आणि डीएनएमटी१ला तिथेच अडकवून ठेवतं, मग नव्या धाग्यांवर खुणा उमटत नाहीत. त्याच कुळातलं डेसिटाबिन मी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींना दिलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी चाचणीत एमएलएच१चा पुसटसा पट्टा दिसला, म्हणजे जनुक पुन्हा वाचलं जाऊ लागलं होतं. पण औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत खुणा परतल्या. अमेरिकेत ॲझासायटिडिनला २००४मध्ये आणि डेसिटाबिनला २००६मध्ये मान्यता मिळाली ती मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या आजारासाठी. आतड्याच्या कॅन्सरचा तो नेहमीचा उपचार नाही. औषध जनुक निवडून काम करत नाही, आणि मधल्या काळात झालेले टीजीएफबीआर२सारखे बदल ते परत फिरवू शकत नाही.

मात्र त्याच चुकांच्या ढिगाचा एक उपयोग होतो. इतक्या बदलांमुळे अशा पेशी वेडीवाकडी प्रथिनं बनवतात आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला त्या परक्या वाटतात. त्यामुळे आजार पसरलाच, तर या प्रकारच्या गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी इतर आतड्याच्या गाठींपेक्षा पुष्कळ चांगली चालते. ताईंचा तो अहवाल नीट जपून ठेवा. पुढे उपचार ठरवताना तो लागेल.

फॉलिक ॲसिडबद्दल थोडक्यात. मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीत फोलेट असतं हे खरं, पण गोळी कोणत्या जनुकावर खूण चढवायची किंवा उतरवायची ते ठरवत नाही. आतड्यातले ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या छोट्या गाठी, काढलेल्या हजारभर लोकांना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड किंवा औषध नसलेली गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७मध्ये आले. नवे ॲडिनोमा कमी झाले नाहीत, उलट गोळी घेणाऱ्यांत तीन किंवा अधिक ॲडिनोमा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. रक्तात कमतरता आहे म्हणून डॉक्टरांनी दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी. ऐकीव माहितीवर घेत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून मगच चालू ठेवू द्या.

राहिला ताईंचा प्रश्न. वय वाढतं तशा या खुणा निरोगी आतड्याच्या अस्तरातही काही जनुकांवर हळूहळू साचत जातात, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. धूम्रपानाचा या प्रकारच्या गाठींशी संबंध आढळला आहे, पण धूम्रपान न करणाऱ्या असंख्य लोकांनाही त्या होतात. कोट्यवधी पेशींपैकी एकीत, कधीतरी, एमएलएच१च्या दोन्ही प्रती गप्प झाल्या. ते कोणत्या दिवशी, कशामुळे झालं, हे त्यांच्या आयुष्यातला एकेक दिवस तपासूनही कुणाला दाखवता येणार नाही. ताई पुन्हा विचारतील तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि हे त्यांना वाचून दाखवा.