सहीचा सराव करून घेऊ नका, ताई

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंचा स्मृतिभ्रंश वाढलाय, पेन्शनच्या कागदावर त्यांची सही जुळत नाही म्हणून तुम्हाला तीनदा परत पाठवलं, ‘घरी सराव करून आणा’ म्हणाले. आणि तुम्ही स्वतः चित्रं काढता, तर आईंचे व्हिडिओ करून गावात जागृती करावी का, हेही विचारलंय. सरावाचं वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यातला पेंटर. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, अजून शाळांच्या भिंती रंगवतो. माझ्या हाताला वळण लावलं अण्णांनी. ते जिल्हा परिषदेचे गुरुजी होते. त्यांनाही हाच आजार झाला, शेवटची सात वर्षं ते माझ्याकडेच होते. डॉक्टर, स्कॅन, बी-१२, थायरॉइड हे सगळं तुमचं झालंच असेल, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे अंगावर आलं ते सांगतो, तुम्ही खात्री करून घ्या.

कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी अण्णांची सही जुन्या कार्डाशी लावून बघितली आणि कागद परत सरकवला. अण्णा समोर बसलेले, आधार कार्ड हातात, मी शेजारी. तरी ‘सही जुळली पाहिजे’. अंगठा घ्या म्हटलं, तर ‘शिकलेल्या माणसाचा अंगठा चालत नाही’. तिसऱ्या खेपेला मावसभाऊ मला म्हणाला, “तूच कर की सही, तुला काय अवघड आहे?” अवघड नव्हतंच. अण्णांची सही मी डोळे मिटून काढली असती. पण ती खोटी सही झाली असती, आणि अण्णांच्या नावावर मला ते करायचं नव्हतं. तिथं मी बरोबर वागलो. चुकलो ते पुढं.

मी दोनशे पानी वही आणली आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ अण्णांना सही गिरवायला बसवलं. चुकली की खोडायचो, ‘अण्णा, परत’ म्हणायचो. ज्यांनी आयुष्यभर पोरांची अक्षरं सुधारली, त्यांची वही मी तपासत होतो. चौथ्या दिवसापासून जेवण कमी झालं. दिवस मावळला की त्यांची तगमग आधीपासूनच व्हायची, ती आता रात्रभर चालायला लागली. मला वाटलं, सरावानं हात वळेल. या आजारात तसं होत नाही, ताई. जे गेलंय ते रट्टा मारून परत येत नाही. आपण चुकतोय, एवढं मात्र त्यांना कळत राहतं.

नवव्या दिवशी पहाटे दार उघडं दिसलं. डिसेंबरची थंडी. दोन तास गाव पालथं घातलं. अण्णा त्या कार्यालयाच्या बंद शटरसमोर पायरीवर बसलेले सापडले, अनवाणी, वही मांडीवर. चहाच्या गाड्यावाल्यानं अंगावर पोतं टाकलं होतं. मला बघून म्हणाले, “सायेब आले का? कामून बंद हाय?” त्यानंतर त्यांनी माझ्या हातात पेन बघितला की चेहरा आकसायचा. महिनाभर मी त्यांच्यासमोर ब्रशसुद्धा धरला नाही.

म्हणून आधी ती वही बंद करा. मग कागदाकडं बघा. आजारी किंवा म्हाताऱ्या खातेदाराला सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो, तो शिकलेला असला तरी. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे ते. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असंही २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘नाही’ म्हणणारा माणूस लेखी ‘नाही’ द्यायला कचरतो. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ सेवेवर चेहरा दाखवून मोबाईलवरून काढता येतो. पेन्शन देणारा विभाग त्या यादीत आहे का, तेवढं बघून घ्या.

अंगठा हा हात न चालण्यावरचा उपाय आहे, समज गेल्यावरचा नाही. मुखत्यारपत्राचंही तसंच, माणसाची समज गेली की ते कायद्यानं संपतं. हे मला उशिरा कळलं. आईंना अजून कळतंय तोवर, सकाळच्या चांगल्या वेळी, डॉक्टरांकडून त्या दिवशीच्या समजेचं प्रमाणपत्र घेऊन वारसनोंद आणि जोडखातं करून टाका. पुढं गेलं तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. पालक नेमायला १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा कुणी सुचवला तर त्यामागं धावू नका, स्मृतिभ्रंश त्यात येत नाही. आमचे चार महिने तिथं गेले.

बाकी घरातलं थोडं. स्टीलच्या ताटात अण्णांना भाकरी दिसायची नाही, लाल थाळी आणली तर जेवायला लागले. काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं, ते काढून टाकलं. संडासाचं दार मी पिवळं रंगवलं आणि वर मोठं चित्र काढलं, अक्षरं नाही. आई दोन दिवसांत अचानक बिघडल्या तर आजार वाढला असं धरून बसू नका, लघवी तपासा. संसर्गानं तसं होतं. आणि रात्री तुम्हालाच सहन होईनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे.

आता व्हिडिओचं. माझं स्पष्ट मत, करू नका. व्हिडिओ कुठं कुठं फिरेल हे समजून आईंना आज ‘हो’ म्हणता येत नाही, आणि गावात ते ‘म्हातारीला चळ लागला’ म्हणूनच फिरेल. मी अण्णांचा चेहरा कधी काढला नाही. त्यांचे हात काढले, चष्मा काढला. अण्णा गेल्यावर गावच्या सप्त्यात मंडपाच्या कनातीला ती चित्रं लावली आणि शेजारी त्या वहीची पानं. पहिल्या पानावर सही ओळखू येते. मधल्या पानांवर काने-वेलांट्या गळालेल्या. शेवटच्या पानावर नुसती शिरोरेघ आहे, खाली अक्षर नाही. लोक त्या पानापाशी थांबले. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारे गप्प झाले. एका आजींनी विचारलं, “आमचे मालक बी आसंच करतेत, ह्याला डाक्टर आस्तो का?” तिथून सात घरं दवाखान्यापर्यंत गेली.

तुम्हाला २१ सप्टेंबरला, अल्झायमर दिनाला, गावात काही लावायचं असेल तर ती पानं घेऊन मी येतो. संडासाच्या दारावरचं चित्र एसटी पार्सलनं पाठवतो, दाराचा रंग आणि माप तेवढं कळवा.