शनिवारी वही पिशवीतच

प्रश्न : दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. १९५० च्या आसपासचं अलिबाग, एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातलं, कुटुंब कायमचं इस्राएलला निघालंय. माझी मैत्रीण त्याच समाजातली आहे आणि तिची आई सगळं सांगायला तयार आहे. काय विचारू, कसं विचारू?
– एक वाचक, कराड

आईंना पहिल्याच भेटीत सांगून टाका की कथा लिहितेय आणि ती छापून येणार आहे. हे नंतर कळलं, तर जेवायला वाढलं तेही टिपून घेतलं का, असं वाटत राहतं.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत साबाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असतो. तो कसून पाळणाऱ्या घरात त्या वेळात लिहिणं, फोन, फोटो, रेकॉर्डिंग सगळंच बंद असतं. शनिवारी बोलावलं तर जरूर जा, पण वही पिशवीतच राहू द्या. टिपणं घरी येऊन काढा.

‘तुमच्यात काय काय असतं?’ असं विचारू नका. त्यावर येणारं उत्तर घोटलेलं असतं: नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पुढं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’. हे पुस्तकातही मिळतं. शिवाय ‘शनवार तेली’ हे गावानं पाडलेलं नाव आहे. कथेत ते शेजाऱ्याच्या तोंडी शोभेल, तुमच्या निवेदनात नको.

त्यापेक्षा एकच वस्तू धरा. तुमच्या कथेला मलिदा नेमका बसतो, कारण नवस फेडताना, लग्नाच्या वेळी किंवा लांबच्या प्रवासाआधी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचं ताट, करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात, तिथंही नवस बोलले जातात. साधारण प्रमाण असं: दोन वाट्या पोहे, वाटीभर ओला नारळ, पाऊण वाटी साखर, वेलदोडा, जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे धुऊन चाळणीत निथळायचे; पाण्यातच राहिले तर लगदा होतो. भोवती फळं मांडायची. झाडाच्या फळांची प्रार्थना वेगळी, जमिनीच्या फळांची वेगळी. आता गंमत बघा, केळं जमिनीच्या फळांत मोडतं, कारण केळीचा बुंधा वर्षानुवर्षं टिकणारं खोड नव्हे. अशा ठिकाणी आईंना विचारा: ताट कोण लावायचं? फळं पाच की सात? लहान मुलांचा डोळा कशावर असायचा? इथं घराघरांत फरक पडतो, आणि हे पुस्तकात सापडत नाही. आई सांगतील ती त्यांच्या घरची रीत, साऱ्या समाजाची नव्हे. म्हणून आणखी एका घरी विचारून घ्या, शक्यतो मुंबई-पुण्याच्या नव्हे, कोकणातल्या.

प्रश्न : माझ्या बेने इस्रायली कथेचा कच्चा खर्डा मैत्रिणीनं वाचला. एके ठिकाणी हसली, एके ठिकाणी गप्प झाली. नेमकं काय चुकलं असेल? खर्ड्यातली चार पानं सोबत पाठवतोय.
– एक वाचक, नाशिक

हसू बहुधा पंगतीवर आलं असावं. तुम्ही मटणाला दही लावलंत आणि वर बासुंदी वाढलीत. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालतात. रक्त निघून जावं म्हणून मटण आधी अर्धा तास पाण्यात, मग तासभर मीठ लावून, मग तीन पाण्यांनी धुतलेलं. कोळंबी आणि खेकडेही काढा. खवले आणि पर असलेलीच मासळी चालते.

दुसरं, तुमची आजी ‘सिनेगॉगला जाते’. त्या पिढीची आजी ‘मशिदीत’ जाईल, कारण आपल्या प्रार्थनास्थळाला हा समाज मशीदच म्हणायचा. मुंबईचं शारे रहामीम हे सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. ही ‘जुनी मशीद’, आणि मशीद स्टेशनाचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल इझिकेल. सणांचंही तसंच: नव्याचा सण (रोश हशाना, नवं वर्ष), दारफळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास), बिरड्याचा सण (तिशा बाव, मंदिरनाशाचा उपास) ही जुनी नावं. आजीनं ती घ्यावीत; नातवाला रोश हशाना, योम किप्पूर म्हणू द्या. दोघांच्या तोंडी एकच शब्द आला की संवाद खोटा वाटतो.

गप्प होण्याचं कारण आडनाव असावं. या समाजात आडनाव गावावरून पडतं आणि कुटुंबं आता मोजकी उरलीत, त्यामुळं आडनाव आणि गाव दोन्ही खरी ठेवलीत तर घर लगेच ओळखू येतं. पैकी एक बदला. दिवेकरांसारखं आडनाव घ्या, ते इतर समाजांतही आहे. ‘गोरे’ आणि ‘काळे’ या जुन्या भेदावरचा (बिगर-ज्यू स्त्रियांपासून झालेल्या संततीला ‘काळे’ म्हणत) परिच्छेदही तिला खुपला असेल. तो विषय घरात कुजबुजत बोलला जायचा.

प्रश्न : मैत्रीण म्हणते, आजीचा अमुक प्रसंग काढून टाक. काढू का?
– एक वाचक, ठाणे

तिच्या घरातून आला असेल तर काढा. तुमच्या डोक्यातून आला असेल तर तिचं ऐकून घ्या आणि मग तुमचं तुम्ही ठरवा. मात्र खर्डा जुलैतच दाखवा: नवं वर्ष, योम किप्पूर आणि मंडपाचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरात पाठोपाठ येतात, तेव्हा तिला सवड नसेल आणि तुमचा अंक छपाईला गेलेला असेल.