दुबईच्या साइटवर मंदी आली तर आधी कोण जातं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात पाच वर्षं साइट इंजिनिअर, दुबईची ऑफर महिना 8000 दिरहम, त्यात बेसिक 3000. मंदी आली तर नोकरी टिकेल का?

साइट कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघा. मंदीत नवी टेंडरं आटतात, म्हणून एस्टिमेशनवाले (टेंडरसाठी खर्चाचा अंदाज काढणारे) आणि पाइलिंगवाले (पायाचे खांब घालणारे) सगळ्यांत आधी रिकामे होतात. अर्धी वर आलेली इमारत डेव्हलपर सहसा सोडत नाही, पण बिलं अडकायला लागतात. मेन कॉन्ट्रॅक्टरला पैसे मिळाले की सब-कॉन्ट्रॅक्टरला, अशी रीत. त्यामुळे सब माणसं काढून घेतो आणि तीन महिन्यांचं प्लास्टर सहा महिने चालतं. काम बंदचं पत्र बरंच नंतर येतं. 1999 च्या फिडिक करारात (बांधकामाचा आंतरराष्ट्रीय नमुना करार) पैसे थकले तर कॉन्ट्रॅक्टर 21 दिवसांची नोटीस देऊन काम थांबवू शकतो. थांबलेल्या साइटवर इंजिनिअर बसवून ठेवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. 2008 नंतरच्या मंदीत दुबईतले पाम जबेल अली बेट आणि नखील टॉवर हे मोठे प्रकल्प अडकले. बुर्ज खलिफा पूर्ण होत आला होता, तो जानेवारी 2010 मध्ये खुला झाला.

क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे कामाची मोजमापं आणि बिलं बघणारा माणूस, मात्र बंद साइटवरही लागतो, कारण क्लेम आणि शेवटचे हिशेब त्यालाच करायचे असतात. मोजमापं आणि बिलिंग शिकून जा, हे मी आवर्जून सांगेन.

तुमच्या ऑफरमधली खरी अडचण बेसिकची आहे. तिथे ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवर मिळते: 3000 वर 2100 दिरहम, 5000 वर 3500. तिथल्या नोकरी गेल्याच्या विम्यातही बेसिकच्या 60 टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. म्हणजे तुम्हाला महिना 1800. त्यासाठी सलग 12 महिने हप्ता भरलेला लागतो आणि राजीनामा दिला तर काही मिळत नाही. एकूण पगार तोच ठेवून बेसिक 5000 करून मागा.

मुलाखतीत हेही विचारा: किती टक्के काम झालंय, कुठला मजला चालू आहे, पुढचं काम हातात आहे का, सबना शेवटचं पेमेंट कधी झालं. उत्तर टाळलं तर सावध व्हा. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं, त्यात 14 दिवसांच्या नोटिशीवर काढता येतं. तोवर कुटुंब नेऊ नका आणि वर्षभराच्या भाड्याचे चेक देऊ नका, शेअरिंगमध्ये राहा.