टँकमधला खोटा कडा

गेल्या वेळी पाळीव सरड्या-पालींना ठेवायच्या काचेच्या टँकबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला, त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहेत, म्हणजे मागच्या भिंतीला घरच्या घरी दगडाचा देखावा कसा करायचा. म्हणून या वेळी फक्त तेच घेतलंय.

प्रश्न: माझ्याकडे 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक आहे, समोरून सरकत्या काचा आहेत आणि आत एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आहे. मागे थर्माकोल आणि टाइल्सच्या फटी भरायचा ग्राउट वापरून कडा करायचाय. सगळे वेगवेगळं सांगतात, कोणी म्हणतं दोन कोट पुरे, कोणी म्हणतं सहा लावा. सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर: सुरुवात दिव्यापासून करा. थर्माकोल, ग्राउट सगळं नंतर. बहुतेक जण आधी भिंत मस्त कोरतात, रंगवतात आणि मग वर दिवा लावतात, आणि तेव्हा लक्षात येतं की सगळ्यात भारी कपार बल्बच्या अगदी खाली आलीय. तुमचा टँक दीडच फूट उंच, म्हणजे तुम्ही 8 इंचावर कपार काढली की जनावर त्या बल्बच्या 8-9 इंच जवळ जाऊन बसणार, आणि यूव्हीबीची (अतिनील किरणांची) ट्यूब असेल तर ते किरणही तितक्याच जवळून अंगावर येणार. म्हणून टँक रिकामा असताना दिवे लावा, ज्या उंचीवर कपार हवी तिथे एखादी फरशी उंचावून ठेवा, तास-दीड तास जाऊ द्या आणि पृष्ठभागाचं तापमान मोजा. लेपर्ड गेकोला गरम जागा 32 ते 35 अंश पुरते. त्याच्या वर जात असेल तर कपार खाली घ्या किंवा दिव्यापासून लांब थंड बाजूला सरकवा. आणि ही पाल मुळात जमिनीवरची, हिच्या बोटांना काचेवर चिकटायच्या गाद्या नसतात, तिला उंच मनोऱ्यापेक्षा रुंद पायऱ्या आणि खाली एक-दोन अंधाऱ्या कपारी जास्त आवडतात.

दुसरी गोष्ट, थर्माकोल उष्णता अडवतो. दोन इंच जाडीची भिंत मागे बसली की टँक पहिल्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो, चांगलंच आहे, फक्त थर्मोस्टॅटचं सेटिंग जुन्याच आकड्यावर ठेवून निवांत बसू नका, पुन्हा मोजा. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) मागच्या काचेला चिकटवलेली असेल तर ती आधी काढा, कारण आता तिची उष्णता आत जायला वाट नाही, ती काचेतच कोंडते आणि काच तडकू शकते. बल्बही भिंतीपासून वीतभर तरी लांब हवा, थर्माकोल साधारण 80 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो आणि चालू बल्बची काच त्याहून कितीतरी जास्त तापते.

आता कापाकापी. माप घेताना टँकच्या आतल्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला 5 मिलिमीटर कमी धरा, कारण ग्राउटचे थर चढले की तुकडा फुगतो आणि मग तो दारातून आत जाता जात नाही. तुमच्या टँकला सरकत्या काचांच्या मध्ये जी फट उरते तेवढ्यातून जाईल असाच तुकडा करा, म्हणजे भिंत दोन किंवा तीन भागांत, आणि जोड एखाद्या उभ्या भेगेत लपवा. अख्खी भिंत काचेला कायमची चिकटवायच्या मी विरोधात आहे. मागे घाण साचते, किडे जातात, आणि एक दिवस पाल मागे गेली तर सगळं फोडायला लागतं.

आकारासाठी कटर कमीत कमी वापरा. कटरने कापलेली कड सरळ येते आणि ती ग्राउटखालीही ओळखू येते. थर्माकोलच्या पाट्यांचे तुकडे एकावर एक थोडे पुढे-मागे सरकवून रचा, सिलिकॉनने चिकटवा, सुकल्यावर कडा हातानं मोडा, चिमटीत धरून टवके काढा, मग तारेच्या ब्रशने एकाच दिशेने ओढा. दगडाचे थर असतात ना, ते सगळे एकाच बाजूला थोडे कललेले असतात, तुम्हीही एक कल ठरवा आणि पूर्ण भिंतभर तोच ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं भिंत खरी वाटते, रंगाचा नंबर त्यानंतर. कपार जनावराच्या अंगापेक्षा रुंद हवी आणि कुठलंही बीळ तुमचा हात पोचणार नाही इतकं खोल नको. पेट्रोल, थिनर किंवा तसलं सॉल्व्हेंट असलेला गोंद आणि साधा स्प्रे पेंट थर्माकोलला लावूच नका, तो डोळ्यांदेखत वितळतो.

ग्राउट साधा सिमेंटचा घ्या, बुरशीरोधक औषध टाकलेला नको. कोरडी पावडर कालवताना मास्क लावा, त्यात सिलिकाची धूळ असते. पहिला कोट पातळ, ब्रशने ठोकत ठोकत प्रत्येक भेगेत घालायचा, तो दिसायला अगदी वाईट दिसतो, खालचं पांढरं दिसत राहतं, दिसू द्या, त्याचं काम फक्त पकड घेणं. दुसरा थोडा घट्ट. तिसरा आणि चौथा आणखी घट्ट, आणि जिथे पाल चढणार, नखं लागणार त्या कडांवर एक जास्तीचा. म्हणजे दोनही नाही आणि सहाही नाही, भिंतीला चार आणि कपारींना पाच असं धरून चाला. रंग ग्राउटमध्येच ऑक्साइडची पावडर घालून करा, लाल, पिवळी, काळी एवढ्यावर भागतं. खालचे कोट गडद ठेवा, शेवटचा फिका कोट जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवरून फिरवा, भेगा आपोआप काळ्या राहतात. ओला ग्राउट गडद दिसतो आणि सुकला की बराच फिका पडतो, म्हणून आधी एका टाकाऊ तुकड्यावर लावून सुकवून बघा.

प्रश्न: भिंत करून झाली पण हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला येते, दोन ठिकाणी केसासारख्या भेगाही पडल्यात. पंख्याखाली मस्त कडक सुकवली होती. आता काय, सगळं काढून टाकू का?

उत्तर: काढू नका, पण तो पंखा बंद करा. सिमेंट पक्कं होतं ते पाण्याबरोबर होणाऱ्या रासायनिक क्रियेनं, वाळून नाही. पाणी आधीच उडून गेलं तर वरचा थर अर्धाकच्चा राहतो आणि भुकटी सुटते. कालवताना पाणी जास्त झालं असेल तरी हेच होतं. कडक ब्रशने सुटलेलं सगळं झाडून काढा, भिंत ओली करा, नवा कोट द्या, आणि या वेळी दोन-तीन दिवस स्प्रेने अधूनमधून पाणी मारत राहा, वरून प्लॅस्टिक झाका. भेगांमध्ये तोच ग्राउट बोटानं दाबून भरा.

भुकटी वेगळी आणि पाणी मारल्यावर उमटणारे पांढरे डाग वेगळे. ते सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून होतात. पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसा, साध्या पाण्यानं धुवा, आठवडाभर कोरडं होऊ द्या आणि मग पाण्यात मिसळणाऱ्या मॅट वार्निशचे दोन-तीन कोट द्या. चकचकीत वार्निश घेऊ नका, दिवा लागला की सगळा कडा प्लॅस्टिकचा वाटतो. वार्निश हाताला सुकलेलं लागलं तरी नाकाला वास येतोय तोवर जनावर आत सोडायचं नाही, मग त्याला दोन आठवडे लागले तरी चालतील.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे. माझ्या बिअर्डेड ड्रॅगनला (हा एक पाळीव सरडा) मी खायला क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे, देतो. ते थर्माकोल खातात असं मित्र म्हणाला. खरं आहे का? आणि ड्रॅगनने थर्माकोल खाल्ला तर?

उत्तर: मित्र बरोबर बोलतोय. क्रिकेट्स थर्माकोल कुरतडतात, त्यात बोगदे करतात आणि आत जाऊन बसतात, मग रात्रभर किरकिर ऐक. पण ग्राउटमधून त्यांना जाता येत नाही, त्यांना उघडा थर्माकोल लागतो, आणि तो नेहमी मागच्या बाजूला आणि खालच्या कडेला राहिलेला असतो कारण तिथे कोणी बघत नाही. म्हणून भिंतीची पाठ आणि चारही कडा यांनाही दोन कोट दे, आणि टँकमध्ये बसवल्यावर कडेच्या फटी सिलिकॉनच्या बारीक रेषेनं बंद कर. ही रेष ब्लेडने कापता येते, म्हणजे भिंत काढायची वेळ आली तरी अडचण नाही.

ड्रॅगनने थर्माकोलचे दाणे खाल्ले तर ते पचत नाहीत, आतडं अडू शकतं. त्याची नखं दणकट असतात, तो एकाच जागी रोज खरवडतो, म्हणून टँक साफ करताना कपारींवर बोट फिरवून बघत जा, पांढरं दिसलं की भिंत बाहेर काढून त्याच दिवशी ग्राउट लाव. त्याची शी बंद झाली, तो सुस्त पडला, तर घरी काही औषध देत बसू नकोस, घरच्या मोठ्यांना सांगून त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे घेऊन जा.

प्रश्न: क्रेस्टेड गेकोसाठी (ही झाडावर राहणारी पाल) दमट टँक करायचाय, त्यात झाडं लावणार. तिथेही ग्राउटच वापरू की डब्यातला स्प्रे फोम?

उत्तर: दमट टँकला मी फोमच घेईन. टँक पाठीवर आडवा टाका, मागच्या काचेवर आधी सिलिकॉनचा पातळ थर द्या, कारण नुसता फोम गुळगुळीत काचेवरून पुढे-मागे सुटतो. सिलिकॉन पूर्ण सुकल्यावर कुंड्या आणि लाकडं जागेवर ठेवून भोवती फोम मारा. इथे कायमचं चिकटवण्याला माझी हरकत नाही, कारण झाडांची मुळं एकदा धरली की भिंत तशीही निघत नाही. फोम दुपटी-तिपटीनं फुगतो, म्हणून जेवढा हवा वाटतोय त्याच्या निम्माच मारा, जाड हवा असेल तर थराथरानं, आणि ग्लोव्हज घाला, हाताला लागलेला फोम धुऊन जात नाही, कातडीबरोबर झिजूनच जातो. दुसऱ्या दिवशी वरची गुळगुळीत साल पूर्ण कापून आकार कोरा, मग सिलिकॉन फासून त्यावर नारळाचा कोरडा भुसा दाबा, एका वेळी वीतभरच जागा घ्या, सिलिकॉनवर साय धरली की भुसा चिकटत नाही. सिलिकॉन शंभर टक्के साधा, बुरशीनाशक नसलेला. तो सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा.

प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, सरळ खरे दगडच चिकटवले तर?

उत्तर: पहिल्या प्रश्नातला टँक घ्या, मागची भिंत साधारण 90 बाय 45 सेंटिमीटर. तिच्यावर 5 सेंटिमीटर जाडीचा दगड म्हणजे 50 किलोच्या वर वजन, आणि ते एका उभ्या काचेवर सिलिकॉनच्या भरवशावर लटकलेलं. तेवढाच थर्माकोल अर्धा किलोही भरत नाही. खरा दगड हवाच असेल तर खाली ठेवा, आणि तोही वाळूवर नाही, तळाला थेट टेकवून, मग भोवती वाळू, कारण खालून उकरणाऱ्या जनावरावर तो दगड कलंडतो.