मुलीला दहावीसाठी तिकडेच ठेवू का?

प्रश्न: आम्ही दोघं नऊ वर्षं ओडिशातल्या कोरापूट भागात मिशनच्या सेवेत होतो. मिस्टरांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं. आता अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावी परततोय. मुलगी सीबीएसईतून नववी पास झाली, तिला डॉक्टर व्हायचंय. संस्थेचे लोक म्हणतात, एकच वर्ष आहे, दहावीपर्यंत तिला इथल्या होस्टेललाच राहू द्या. मुलाची यंदा तिकडेच दहावी झाली, त्याला इंजिनीअरिंग हवंय. मी होस्टेलची मेट्रन होते. काय करावं?

उत्तर: ताई, मुलीला तिकडे ठेवू नका. सोबतच आणा आणि दहावी महाराष्ट्रातल्या शाळेतूनच होऊ द्या. होस्टेलचा सल्ला मायेपोटीच दिला असेल, पण तिला मेडिकलला जायचं असेल तर तो फार महागात पडेल.

आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 85 टक्के जागा नीटनंतर राज्याच्या कोट्यातून भरतात. त्यासाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, लागतं, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली असावी लागते. बोर्ड कोणतं ते बघत नाहीत, शाळा कुठे आहे ते बघतात. काही ठरावीक सरकारी नोकरांच्या मुलांना यात सवलत आहे, मिशनच्या सेवकांच्या मुलांना नाही. घरात आजारपण होतं, हे कारण प्रवेशाच्या टेबलावर चालत नाही. मग सरकारी कॉलेजात उरतात त्या देशभरातल्या मुलांशी स्पर्धा असलेल्या 15 टक्के जागा. हे प्रवेश देणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते, तिच्यातली पात्रतेची पानं स्वतः वाचा.

सीबीएसईत दहावीला थेट प्रवेश फक्त नववी सीबीएसईतूनच पास झालेल्यांना मिळतो, म्हणजे तुमच्या मुलीला मिळेल. पण शाळा स्वतःच्या अधिकारात देत नाही, बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. कुटुंबाचं स्थलांतर हे तिथे मान्य कारण आहे. अर्जासोबत नववीची गुणपत्रिका, टीसी, नव्या पत्त्याचा पुरावा आणि मिस्टरांचे दवाखान्याचे कागद जोडा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात म्हणून थांबू नका. परीक्षार्थींची यादी बोर्डाकडे गेली की दार बंद.

हमखास अडतं ते भाषेवर. नववीत घेतलेल्या दोन भाषाच दहावीला असाव्या लागतात. तिची दुसरी भाषा हिंदी असेल तर प्रश्न नाही. ओडिया असेल तर अचलपूरशेजारच्या परतवाड्यात किंवा अमरावतीत ती शिकवणारी शाळा मिळणं कठीण, मग विषयबदलाची वेगळी परवानगी लागेल. म्हणून फी भरण्याआधी नववीच्या नोंदणीत कोणते विषय लिहिलेत ते तपासा. घरी मराठी बोलणारं मूल मराठी लिहू शकेलच असं नसतं, त्यामुळे बोर्डाच्या वर्षात तिला स्टेट बोर्डाच्या मराठी माध्यमात टाकू नका.

कोरापूट सोडण्याआधी दोन कामं उरका. नवी शाळा टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी मागणार का, हे फोन करून विचारा. एका सहीसाठी पुन्हा एवढा प्रवास तुम्हाला झेपणार नाही. दुसरं, यूडायस या सरकारी शाळा-नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेनं दोन्ही मुलांची नावं शाळा सोडल्याच्या नोंदीत टाकली का, ते समक्ष बघा. तिथे मूल हजरच दिसत राहिलं तर नव्या शाळेला त्याचा पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, ओढून घेता येत नाही आणि महिने जातात.

राहायचं कुठे, हे डायलिसिसवर ठरवा. बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास, वर एसटीचं जाणं-येणं. अचलपूरला नियमित पाळी मिळत नसेल तर अमरावतीत दोन खोल्या भाड्यानं घ्या आणि मुलांची शाळा तिथेच बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. डायलिसिसला सोबत जायचं काम मात्र मुलीवर टाकू नका. एकदा ती जाऊ लागली की तीच पाळी कायमची तिची होते.

गावचं घर कागदांसाठी जपा. नऊ वर्षांच्या गैरहजेरीमुळे डोमिसाइलला वास्तव्याचा पुरावा मागतील. मिस्टरांचा शाळेचा दाखला, घरटॅक्सच्या पावत्या, सातबारा, मतदार यादी काढून ठेवा. रेशनकार्डातून नावं कमी झाली असतील तर तहसीलला आधी ती जोडून घ्या. तुमचं कुटुंब मूळ अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेलं असेल तर महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला मिळतो. त्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, शोधा. नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी त्यानंतर, आणि पडताळणी अकरावीतच सुरू करा.

मुलाची वाट सोपी आहे. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात दहावी बाहेरून झाली तरी त्याचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं डोमिसाइल असलं की त्याला महाराष्ट्राचाच उमेदवार धरतात. मेडिकलचा विचार त्याच्याही मनात असेल, तर दहावीही महाराष्ट्रातूनच हवी ही वरची अट त्याला लागू आहे हे आत्ताच स्पष्ट सांगा. अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन आहेत. ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेज असेल तर तिथल्या कोट्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, तो विसरू नका.

तुमच्यासाठी: संस्थेकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यात तारखा, मुलांची संख्या आणि प्रत्यक्ष कामं हवीत, म्हणजे स्वयंपाकघराचा हिशेब, आजारी मुलांची देखभाल, रजिस्टरं. "निष्ठेनं सेवा केली" एवढ्यावर वसतिगृहात गृहपालाचं काम मिळत नाही. आणि मिस्टरांनी राजीनाम्यावर इतक्यात सही करू नये. आधी संस्थेला लेखी विचारा: वैद्यकीय रजा किती मिळेल, आरोग्य विमा कधीपर्यंत चालू राहील, पीएफ कापला जात होता का. उत्तरही लेखीच घ्या.